खाडीचा चिखल वर, शेत खाली

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

किनारपट्टीवरील पुरांविषयी वाचकांकडून मागवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : समुद्र वर येतो आहे की आपली जमीन खाली जाते आहे? उंबऱ्याशी आलेल्या पाण्याला हा फरक कळत नाही, कारण पूर येणार की नाही हे जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये किती उंची उरली आहे यावरच ठरते. उपाय शोधताना मात्र हा फरक फार महत्त्वाचा आहे. जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढली आणि ती वाढ एखादे गाव किंवा शहर एकट्याने थांबवू शकत नाही. जमीन खचण्याची कारणे बहुधा त्याच गावात, त्याच शहरात असतात, आणि म्हणून ती तिथेच दूरही करता येतात. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : आमचे शेत पेण तालुक्यातील खारेपाटात, खाडीला लागून आहे. वडील सांगत की त्यांच्या लहानपणी बांधाबाहेरचा चिखल आणि आतले शेत साधारण एका पातळीत होते. आज बांधावर उभे राहिले की बाहेरचा चिखल आणि त्यावरचे कांदळवन उंचावर आणि आमचे शेत खोलगट दिसते. पावसाचे पाणी पूर्वी उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) दोन दिवसांत निघून जाई, आता ते आठवडाभर तुंबून राहते. हा आमचा भास आहे का? जमीन खरोखर खचत असेल तर बांध उंच करणे पुरेसे होईल का?
(एक शेतकरी, पेण, जि. रायगड)

उत्तर : हा भास नव्हे. नेमका आकडा मोजणी केल्यावरच कळेल, परंतु आपण सांगितलेल्या दोन्ही खुणा, म्हणजे बाहेरचा उंचावलेला चिखल आणि आत रेंगाळणारे पाणी, खारबंदिस्तीच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या, जुन्या जमिनीत अपेक्षित असलेल्याच आहेत.

खाडीकाठची जमीन मुळात भरतीने आणलेल्या गाळाची बनलेली असते. दर भरतीला गढूळ पाणी वर येते, संथ होते, गाळ खाली सोडते आणि ओहोटीबरोबर परत जाते. हा गाळ पाण्याने फुगलेला असतो. आपल्या पूर्वजांनी बांध घालून भरतीचे पाणी अडवले तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. आतल्या चिखलातले पाणी निघून गेले, उन्हाळ्यात तो सुकला, भेगाळला, त्यातला कुजका पालापाचोळा हवा लागून विरघळत गेला, आणि जमीन वर्षानुवर्षे दबत गेली. त्याच काळात दरवर्षी येणारा नवा गाळ बांधाबाहेरच थांबला आणि तिथली पातळी वाढवत राहिला. आपले शेत जितके खाली गेले त्यात बाहेरचा चिखल जितका वर आला ते मिळवले की आपल्याला दिसणारा फरक तयार होतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बांगलादेशाच्या नैर्ऋत्य भागात मिळते. तिथे १९६० च्या दशकापासून बेटांभोवती मोठे मातीचे बांध घालून भातशेती वाढवण्यात आली. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने त्यांपैकी काही बांध फोडले. त्यानंतर संशोधकांनी मोजणी केली तेव्हा बांधाच्या आतली शेतजमीन शेजारच्या सुंदरबनातील जमिनीपेक्षा १ ते १.५ मीटर खाली असल्याचे आढळले. तेवढी पातळी सुमारे पन्नास वर्षांत गमावली गेली होती. त्याहूनही लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे फुटलेल्या बांधातून ज्या शेतांवर पुढे बराच काळ भरती-ओहोटी चालू राहिली, त्यांवर हातभर जाडीचा नवा गाळ साचला. गाळ खाडीत होताच, त्याचा रस्ता तेवढा बंद झालेला होता.

आता आपल्या उघाडीविषयी. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. म्हणजे खाडीतले पाणी शेताच्या पातळीखाली असते तेवढाच वेळ निचरा होतो. समजा, भरती-ओहोटीतला फरक चार मीटर आहे. अशा वेळी मधल्या टप्प्यात पाणी तासाला साधारण एक मीटर या वेगाने चढते-उतरते. शेत एक फूट खाली गेले, तर पाणी चढताना सुमारे वीस मिनिटे आणि उतरताना सुमारे वीस मिनिटे कमी मिळतात. दिवसाला दोन भरत्या धरल्या, तर निचऱ्याचा तास-सव्वा तास गेला. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाण्याची चढ-उतार मंद असल्याने हा तोटा त्याहून मोठा होतो. पाऊस तेवढाच, बांध तोच, आणि तरीही पाणी आठवडाभर का साचते याचे बरेचसे उत्तर या हिशोबात आहे. बाकीचे उत्तर बहुधा उघाडीच्या तोंडाशी सापडेल. आतून येणारा पाण्याचा जोर कमी झाला की बाहेरची नळी गाळाने भरत जाते आणि झडप पूर्ण उघडेनाशी होते.

बांध उंच केल्याने उधाणाचे पाणी वरून येणे टळेल, पण तुंबलेले पाणी त्यामुळे बाहेर जाणार नाही. शिवाय मऊ चिखलावर टाकलेली नवी माती हे ओझेच असते. बांध स्वतःच हळूहळू बसतो, आणि आत-बाहेरच्या पातळीतला फरक मोठा असताना खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर पाणी अधिक जोराने आत घुसते. म्हणून आमचे मत असे की पैसा आणि श्रम प्रथम उघाडीवर खर्च करावेत : झडपा दुरुस्त कराव्यात, नळीतला गाळ काढावा, गरज असल्यास आणखी एक उघाडी बसवावी. बांधाबाहेरच्या कांदळवनाला हात लावू नये, कारण लाटांचा पहिला मार तेच सोसते. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाखाली या योजनांची कामे होतात. तेव्हा अर्ज करताना ‘बांध दुरुस्ती’ एवढेच न लिहिता उघाडी आणि निचरा यांचा स्वतंत्र उल्लेख करावा.

गाळ आत घेण्याचा मार्ग बांगलादेशातील काही गावांनी स्वीकारला आहे. जेसोर-खुलना भागातल्या भयना बिलात (बिल म्हणजे सखल पाणथळ भाग) १९९७ साली लोकांनी बांध कापून काही वर्षे भरती आत येऊ दिली, आणि त्या सखल भागाची पातळी बरीच उंचावली. हा प्रयोग आम्हांला मोलाचा वाटतो. परंतु कोणीही तो एकट्याने आपल्या शेतात करू नये. एकदा खारे पाणी आत आले की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि शेजाऱ्याचे नुकसान आपल्यापेक्षा आधी होते. संपूर्ण खारबंदिस्तीतील शेतकऱ्यांची संमती, त्या वर्षांची भरपाई आणि जाणकारांची देखरेख या तिन्ही गोष्टी नसतील, तर या वाटेला जाऊ नये. दरम्यान क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आल्या आहेत. त्यांचा विचार करावा.

मोजणी आपण स्वतः सुरू करू शकता. जवळच्या कातळावर किंवा कातळावर बांधलेल्या देवळाच्या जोत्यावर एक खूण करावी, आणि गावातल्या सर्वेक्षकाकडून लेव्हल यंत्राने त्या खुणेपासून शेतातल्या तीन-चार जागांची उंची दरवर्षी घ्यावी. ओली चिकणमाती फुगते, म्हणून महिना दरवर्षी तोच ठेवावा. पाच वर्षांची अशी वही हाती असली, तर कोणत्याही कार्यालयात आपले म्हणणे वजनाने मांडता येईल.

प्रश्न : नवी मुंबईत आमची इमारत खाडीकडच्या नोडमध्ये (वसाहतीत) आहे. गेल्या पंधरा वर्षांत आवारातील फरशी जवळजवळ नऊ इंच खाली बसली आहे. पूर्वी जिन्याला दोन पायऱ्या होत्या, आता तीन कराव्या लागल्या. इमारत खचते आहे का? पावसाळ्यात आवारात पाणी साचते म्हणून काही सभासद संपूर्ण आवार भराव घालून दोन फूट उंच करावे असे म्हणत आहेत.
(गृहनिर्माण संस्थेच्या एक सचिव)

उत्तर : बहुधा इमारत जागेवर आहे आणि तिच्याभोवतालची जमीन खाली जात आहे. अशा ठिकाणी मोठ्या इमारती पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उभ्या असतात आणि ते पाइल चिखलाच्या थरातून खाली कठीण थरापर्यंत नेलेले असतात. आवार, रस्ते, कुंपणाची भिंत आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांना मात्र तो आधार नसतो. त्या खाडीच्या चिखलावर टाकलेल्या भरावावर टेकलेल्या असतात. भरावाच्या वजनाने चिखलातले पाणी हळूहळू पिळून निघते आणि थर बसत जातो. चिकणमातीतून पाणी इतके सावकाश वाहते की ही क्रिया वर्षानुवर्षे, जाड थर असेल तर दशकानुदशके चालते. तरीही इमारतीच्या खांबांना किंवा तुळयांना तिरक्या भेगा दिसत असतील, दारे-खिडक्या अडकू लागल्या असतील, तर संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे टाळू नये.

भरावाच्या सूचनेला आमचा स्पष्ट विरोध आहे. दोन फूट मातीचे वजन प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाहून अधिक होते. ज्या ओझ्याने आवार खचले, त्यातच नवे ओझे टाकल्यासारखे हे होईल. काही वर्षांनी पुन्हा तीच बैठक, तोच ठराव करावा लागेल, आणि मधल्या काळात आपले पाणी शेजारच्या इमारतीत जाईल. त्यापेक्षा सांडपाण्याच्या आणि पावसाळी वाहिन्या इमारतीतून बाहेर पडतात तो सांधा आधी उघडून पाहावा. इमारत स्थिर आणि जमीन खाली, अशा स्थितीत पाइप नेमका तिथेच तुटतो, आणि कित्येकदा ‘आवारात साचलेले पावसाचे पाणी’ म्हणून ज्याची तक्रार होते ते या तुटलेल्या वाहिनीचे असते. तिथे लवचीक सांधा बसवावा, वाहिनीला नव्याने उतार द्यावा, आणि विजेच्या मीटरची खोली तसेच पाण्याचे पंप शक्य तितके उंचावर न्यावेत. आवारात बोअरवेल असेल, तर तिचा उपसा मोजून कमी करावा.

नवी मुंबईची रचना करताना सिडकोने खाडीकाठी धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीची झडप बंद असते तेव्हा शहरातले पावसाचे पाणी या तलावांत थांबते, आणि ओहोटीला बाहेर सोडले जाते. तलाव गाळाने भरला की तेवढेच पाणी रस्त्यावर थांबते. आपल्या नोडचा तलाव किती खोल उरला आहे याची माहिती संस्थेने लेखी मागवावी असे आम्ही सुचवतो. आवाराच्या उंचीपेक्षा हा प्रश्न आपल्या अधिक निकडीचा आहे.

प्रश्न : देवबागला दर पावसाळ्यात आमच्या माडाच्या बागेचा भाग समुद्रात जातो. जमीन खचते आहे असेच म्हणायचे ना?
(एक बागायतदार, ता. मालवण)

उत्तर : आपल्या पत्रावरून ही धूप दिसते. खचलेली जमीन जागेवर राहून खाली जाते. धूप झालेली वाळू जागा सोडून दुसरीकडे जाते. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे, आणि अशा पट्ट्या लाटा, प्रवाह आणि नदीची वाळू यांच्या हिशोबावर टिकून असतात. नदीतून येणारी वाळू घटली, किंवा शेजारी दगडी भिंत घालून लाटांचा मार पुढे ढकलला गेला, तर पट्टी झिजते. त्यामुळे फक्त आपल्या बागेपुढे दगड टाकण्यापूर्वी भिंतीच्या शेवटच्या टोकापलीकडे काय होईल हे विचारात घ्यावे. धूप बहुधा तिथे सरकते.

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी जकार्ताला जात आहे. ते शहर बुडत असल्यामुळे इंडोनेशियाने राजधानीच हलवायचे ठरवले असे वाचले. तिने जावे का? आणि एवढे मोठे शहर बुडते कसे?
(आई-वडील, पुणे)

उत्तर : दोन वर्षांच्या वास्तव्यासाठी घाबरण्याचे कारण नाही, घर कुठे घ्यायचे याचा विचार मात्र जरूर करावा. कारणे सविस्तर सांगतो, कारण जमीन खचणे म्हणजे काय हे जकार्ताइतके उघडपणे फार थोड्या शहरांत दिसते.

जकार्ता तेरा नद्यांच्या गाळाच्या सपाटीवर, जावा समुद्राच्या काठी वसलेले आहे. शहर वाढले, पण नळाचे पाणी सर्वांपर्यंत पोहोचले नाही, आणि नद्या इतक्या दूषित झाल्या की त्यांचे पाणी वापरता येईना. म्हणून घरे, हॉटेले, कारखाने आणि उंच इमारती खोल विहिरी खोदून जमिनीखालचे पाणी उपसू लागल्या. गाळाच्या थरांत वाळूचे आणि चिकणमातीचे पट्टे एकावर एक असतात. वाळूतले पाणी काढले की शेजारच्या चिकणमातीतले पाणी तिकडे ओढले जाते, आणि आतापर्यंत पाण्याच्या दाबाने उचलून धरलेले वरचे वजन मातीच्या कणांवर येते. पोह्यांचा डबा भरून आपटला की पोहे खाली बसतात आणि डबा नुसता ठेवून दिला तर आपोआप वर येत नाहीत; चिकणमातीचे तसेच होते. पाणी पुन्हा भरले तरी गेलेली उंची बहुतांश परत येत नाही.

उत्तर जकार्ताचे काही भाग १९७० च्या दशकापासून सुमारे ४ मीटर खाली गेले आहेत, आणि शहराचा सुमारे ४० टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे असे मानले जाते. मुआरा बारू येथे समुद्रभिंतीबाहेर राहिलेली एक मशीद पाण्यात अर्धी बुडून ओस पडली आहे. भिंतीच्या आत लोक राहतात आणि पलीकडचे पाणी त्यांच्या डोक्याच्या वर असते. नद्यांचे पाणीही आता स्वतःहून समुद्रात जाऊ शकत नाही, ते पंपांनी उचलावे लागते. १ जानेवारी २०२० रोजी हालिम विमानतळाजवळ एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरात साठाहून अधिक माणसे दगावली.

राजधानी हलवण्याची घोषणा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये केली, आणि बोर्नियो बेटाच्या पूर्व कालिमंतान प्रांतात नुसंतारा हे शहर बांधण्यास सुरुवात झाली. मंत्रालये हलवता येतात. जकार्तातील सुमारे एक कोटी माणसे तिथेच राहणार आहेत. त्यांच्या दृष्टीने नवीन राजधानीपेक्षा घराघरांत नळाचे पाणी पोहोचणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि याची खात्री वाटावी असे उदाहरण आशियातच आहे.

टोकियोच्या पूर्वेकडील सखल भाग विसाव्या शतकात काही ठिकाणी चार मीटरहून अधिक खचला होता. जपानने १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये मोठ्या इमारतींच्या भूजल उपशावर कायद्याने नियंत्रण आणले आणि त्यांना पर्यायी पाणी दिले. १९७० च्या दशकात खचणे जवळजवळ थांबले. भूजल इतके वर आले की टोकियो स्थानकाचे जमिनीखालचे फलाट पाण्याच्या दाबाने वर उचलले जाऊ नयेत म्हणून त्यांना खाली नांगरून ठेवावे लागले. गेलेली चार मीटर उंची मात्र परत मिळाली नाही, आणि तिथली लाखो माणसे आजही भरतीच्या पातळीखाली, भिंती आणि पंपांच्या भरवशावर राहतात. थांबण्याचा निर्णय किती लवकर घेतला यावरच पुढच्या पिढ्यांना किती भिंत बांधावी लागेल हे ठरते, म्हणून या उदाहरणाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो.

आपल्या मुलीने शक्यतो शहराच्या दक्षिण भागात घर पाहावे. तिथली जमीन उंच आणि तुलनेने टणक आहे. तिथेही नदीकाठच्या सखल वस्त्या टाळाव्यात, कारण त्यांना पावसाच्या पुराचा धोका असतो. घर पाहताना शेजाऱ्यांना २०२० च्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते हे विचारावे, आणि इमारतीत नळाचे पाणी येते की बोअरचे, हेही विचारावे. पहिला प्रश्न तिच्या सुरक्षिततेसाठी आहे, दुसरा शहराच्या.

प्रश्न : गगनचुंबी इमारतींच्या वजनाने शहर खचते हे खरे का?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : थोडेसे. न्यूयॉर्कविषयी २०२३ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तिथे जमीन वर्षाला सरासरी १ ते २ मिलिमीटर खाली जात असल्याचे त्यात म्हटले आहे. त्यात इमारतींच्या वजनाचा वाटा काही भागच आहे. कातळावर उभ्या इमारतीने फारसे काही होत नाही, मऊ भरावावर होते. भूजल उपशाच्या तुलनेत हे कारण बहुतेक ठिकाणी दुय्यम आहे.

प्रश्न : मुंबईही जकार्तासारखी खचत आहे का? व्हेनिसप्रमाणे माहीमच्या खाडीला दरवाजे बसवले तर २६ जुलैसारखा पूर टळेल का?
(एक निवृत्त शिक्षक, दादर)

उत्तर : संपूर्ण मुंबई जकार्तासारखी खचत नाही. अपोलो बंदर येथे १८७८ पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी आहेत आणि त्यांत शतकभरातली सरासरी वाढ वर्षाला एक मिलिमीटरहून कमी दिसते. हुगळीच्या मुखाजवळच्या डायमंड हार्बरला ती पाच मिलिमीटरच्या आसपास आहे, कारण तिथे त्रिभुज प्रदेशाची गाळाची जमीनही खाली जाते आहे. मुंबईच्या पायाशी बेसाल्टचा कातळ आहे. तरीही सगळी मुंबई कातळावर नाही. २०२२ मध्ये ९९ किनारी शहरांच्या उपग्रह-मोजणीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुंबई होती. बहुतेक शहरांत काही भाग समुद्राच्या वाढीपेक्षा अधिक वेगाने खचत असल्याचे त्यात आढळले. आपल्याकडे असे भाग भरावाच्या आणि खाडीच्या चिखलाच्या जागी शोधावे लागतील.

मुंबईचा मोठा भाग सखल आहे तो मूळचाच. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात, १७८० च्या दशकात, महालक्ष्मी आणि वरळी यांमधले समुद्राचे तोंड बांध घालून बंद करण्यात आले, तोवर भरतीचे पाणी बेटाच्या मधोमध शिरत असे. पायधुणी, उमरखाडी ही नावे त्या पाण्याची आठवण आहेत. ती जमीन तेव्हाही सखलच होती. आपण तिच्यावर शहर बांधले आणि निचऱ्याच्या वाहिन्यांची बहुतेक तोंडे भरतीच्या पातळीखाली ठेवली. उधाणाच्या भरतीला मुसळधार पाऊस आला की पाणी बाहेर जात नाही, एवढ्यासाठी हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध येथे पाणी उचलून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारली गेली.

व्हेनिसच्या दरवाजांचे उदाहरण नेमके इथे तपासून पाहावे. तिथे ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते प्रथमच भरतीविरुद्ध वापरले गेले आणि शहर कोरडे राहिले. परंतु व्हेनिसचा मुख्य शत्रू समुद्र आहे, आणि भरती-ओहोटीतला फरक साधारण एक मीटर आहे. मुंबईत तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस समुद्रातून आला नव्हता. माहीमला दरवाजा लावून भरती रोखली, तरी मिठी नदीचे पाणी दरवाजाच्या आत थांबणार. त्याला थांबायला जागा आणि बाहेर फेकायला प्रचंड पंप हवेत. जागा उरली नसेल, तर बंद दरवाजामुळे कुर्ल्यात आणि कलिन्यात पाणी आणखी चढेल. म्हणून दरवाजाआधी मिठीचे पात्र, तिची उरलेली कांदळवने आणि सखल मोकळी मैदाने राखणे आवश्यक आहे असे आमचे ठाम मत आहे. व्हेनिसकडून घेण्यासारखा धडा दुसराच आहे : १९५० ते १९७० या काळात शेजारच्या मार्गेरा औद्योगिक वसाहतीने भूजल उपसले तेव्हा ते शहर काही सेंटिमीटर खचले, उपसा बंद केल्यावर ते खचणे मंदावले, पण प्रत्येक मोठ्या भरतीला ते गमावलेले सेंटिमीटर आजही मोजावे लागतात.

प्रश्न : आमच्या गावची खाजन शेती (बांध घालून खाडीपासून राखलेली शेती) पडीक पडली आहे. मानस (बांधातले पाण्याचे दार) मोडकी आहे, बांध दोन ठिकाणी फुटला आहे. आता तिथे माती टाकून घरे बांधावीत, नाही तरी ती जमीन बुडणारच, असे तरुण मंडळी म्हणतात. आम्ही वयस्कर मंडळी गप्प बसावे का?
(एक वाचक भगिनी, तिसवाडी, गोवा)

उत्तर : कृपया गप्प बसू नका. ज्या व्यवस्थेविषयी आपण लिहिले आहे तिच्यात या सदरातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे शेकडो वर्षांपूर्वी शोधलेली होती. खाजनाचा बांध भरतीला रोखतो, पण मानशीतून थोडे पाणी ठरवून आत घेतले जाते. ते पोंयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, राहते, त्यात मासळी वाढते, आणि आतल्या छोट्या बांधापलीकडे कोरगुटासारखा खारेपणा सोसणारा भात पिकतो. पावसाचे पाणी याच पोंयीत थांबून ओहोटीला बाहेर जाते. नवी मुंबईच्या धारण तलावाचे आणि पेणच्या उघाडीचे काम इथे एकत्र होते, आणि त्याची देखभाल गावकरी संस्थेच्या नियमांनी बांधलेली होती.

खाजनावर माती टाकली तर तीन गोष्टी होतील. खालचा चिखल दबून घरांभोवतीची जमीन खचेल, जसे वर नवी मुंबईच्या पत्रात दिसले. पोंयीत थांबणारे पाणी वस्तीत थांबेल; पणजीच्या मळा भागात पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर काय होते हे आपल्या गावातल्यांनी पाहिलेच असेल, आणि त्या भागालाही खाजनाचाच इतिहास आहे. आणि शेजारच्या गावाचा बांध, जो आपल्या बांधाला जोडलेला आहे, एकटा पडेल.

बांध फुटला म्हणून जमीन बुडणारच हे म्हणणे खरे नाही. भरती आत येते आहे तोवर तिथे गाळही साचतो आहे. काही वर्षे तशी गेली असतील तर जमिनीची पातळी कदाचित थोडी वाढलीही असेल, आणि म्हणून दुरुस्तीपूर्वी मोजणी करून घेणे फायद्याचे ठरेल. सुरुवात मानशीपासून करावी. मासळीचा हक्क लिलावाने दिला जातो, तेव्हा अधिक मासळीसाठी मानस गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवली जाते आणि आत जोराने आलेले पाणी बांधाचा पाया खाते, अशी तक्रार अनेक गावांतून ऐकू येते. कोमुनिदादच्या (गावकरी संस्थेच्या) किंवा कूळ संघटनेच्या पुढच्या बैठकीत आपण एवढीच मागणी ठेवावी : लिलावाच्या करारात पाणी आत घेण्याची कमाल पातळी लिहावी, ती मानशीच्या खांबावर रंगाने आखावी, आणि लिलावाच्या रकमेचा ठरावीक भाग त्याच वर्षी बांधावर खर्च करावा. ती रेघ कुठे आखायची हे गावात आज फक्त आपल्या पिढीला ठाऊक आहे.